‘चेक’ शब्दाची बखर

इंग्रजीच्या अध्यापकास परीक्षेतील प्रश्नांची भीती वाटत नाही. वर्ग सुटता सुटता मागच्या बाकावरून जो प्रश्न येतो त्याची वाटते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका जिल्ह्याच्या गावी पदवीच्या पहिल्या वर्षास गद्याचा एक उतारा शिकवीत होतो. उताऱ्यात ‘चेक’ हे क्रियापद आले आणि त्याचा अर्थ आम्ही ‘आवरणे, रोखणे’ असा सांगितला. तेव्हा एका कापडदुकानदाराचा मुलगा उठून म्हणाला, “सर, आमच्या दुकानात चौकडीच्या कापडाला चेक म्हणतात. बँकेतून पैसे काढायच्या कागदाला चेक म्हणतात. गाडीत तिकीट चेक करतात. हा सगळा एकच शब्द आहे, की चार वेगवेगळे?” आम्ही क्षणभरही न अडखळता उत्तर दिले की, हे चार वेगळे शब्द असून त्यांचा उच्चार केवळ योगायोगाने सारखा झाला आहे, जशी आपल्या मराठीत गळ्यातली माळ आणि गावाबाहेरचा माळ. दृष्टांत समर्पक वाटल्यामुळे आम्हांस थोडा अभिमानही झाला. मुलाने ते उत्तर वहीत उतरून घेतले.

ते उत्तर साफ चुकीचे होते. पुढे काही वर्षांनी, भलताच एक शब्द पाहण्यासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडला असता, सहज नजर ‘चेक’वर गेली आणि तेथील वंशावळ वाचून आम्ही वरमलो. अधिक लाज वाटली ती दुसऱ्याच कारणाने. त्या चारही अर्थांचे मूळ इंग्लंडात नव्हते, फ्रान्सातही नव्हते. ते ज्या पटावर जन्मले तो पट आमच्या आजोळच्या ओटीवर दर उन्हाळ्यात मांडलेला असे, आणि तो शब्द आजोबांच्या तोंडून आम्ही इंग्रजी मुळाक्षरे शिकण्यापूर्वी शेकडो वेळा ऐकला होता. आजोबा ‘शह’ म्हणत. इंग्रज ‘चेक’ म्हणतो. शब्द एकच.

ही गोष्ट प्रथम इराणातून सुरू करावी लागते. बेहिस्तुनच्या कड्यावर सम्राट दारयवहूने इसवी सनापूर्वी सुमारे ५२० या वर्षी जो प्रचंड लेख कोरविला, त्यात तो स्वतःस ‘क्षायथिय’ म्हणवितो. याचा अर्थ राजा. आमच्या ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ या शब्दांचे कूळ तेच. सत्ता गाजविणे या अर्थाचा एकच धातू दोन्ही घरांत नांदत होता. शतकानुशतके जिभेवर घासून घासून ‘क्षायथिय’चा ‘शाह’ झाला. शब्द एवढा झिजला तरी त्याचा मान मात्र झिजला नाही; इराणचा शेवटचा शाह १९७९ साली देश सोडून गेला, तोपर्यंत म्हणजे जवळजवळ अडीच हजार वर्षे त्या शब्दाने राज्य केले.

या शाहाची गाठ आमच्या चतुरंगाशी पडली ती सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचा हा खेळ अष्टापद नावाच्या चौसष्ट घरांच्या पटावर खेळत. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त त्यावर श्लेष साधला आहे, त्या अर्थी तो तेव्हा दरबारी मंडळींच्या चांगला परिचयाचा असला पाहिजे. इराणी परंपरा सांगते की, हिंदुस्थानच्या एका राजाने खुस्रो अनुशीर्वान याच्या दरबारी हा पट पाठविला आणि ‘याचे मर्म ओळखा, नाही तर खंडणी द्या’ असा निरोप धाडला. तेव्हा वजीर बुजुर्गमिहर याने ते मर्म ओळखले आणि उलट नर्दाचा खेळ रचून तो हिंदुस्थानात पाठविला. पहलवी भाषेतील एका छोट्या ग्रंथात आणि पुढे फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’त ही कथा आली आहे. कथा ती कथाच. परंतु चतुरंगाचा ‘चतरंग’ झाला आणि तो इराणातच राजघराण्याचा खेळ बनला, हे खरे. तेथे राजाच्या सोंगटीस साहजिकच ‘शाह’ म्हणत. प्रतिस्पर्ध्याने राजावर मोहरा रोखला की, तो बेसावध असताना त्यास मारणे अशिष्ट म्हणून आधी सूचना द्यावयाची: ‘शाह!’ म्हणजे, राजेसाहेब, सांभाळा. आणि पळावयास घर उरले नाही की ‘शाह मात’. या ‘मात’विषयी पंडितांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ते अरबी असून त्याचा अर्थ ‘मेला’. दुसरा म्हणतो, ते फार्सीच असून त्याचा अर्थ ‘गोंधळून निरुपाय झाला’. आम्हांस दुसरा पक्ष अधिक पटतो, कारण या खेळात राजा कधी मरत नाही. बाकी सारे मरतात. राजा फक्त अडकतो.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले आणि इराणच्या वैभवाबरोबर हा खेळही उचलला. त्यांच्या वर्णमालेत ‘च’ नसल्यामुळे चतरंगाचे ‘शतरंज’ झाले. अरबांबरोबर तो पट स्पेन व इटली या मार्गांनी युरोपात गेला. तेथील भिक्षूंच्या लॅटिनने ‘शाह’चा ‘स्काकुस’ केला, फ्रेंचांनी ‘एशेक’ केला, आणि नॉर्मन फ्रेंच बोलणाऱ्या राज्यकर्त्यांच्या मागोमाग इंग्लंडात तो ‘चेक’ झाला. याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून इंग्रजांनी ‘चेस’ हे खेळाचे नाव केले. तेव्हा इंग्रज ज्यास ‘चेस’ म्हणतो त्याचा मूळ अर्थ, काटेकोर पाहू गेल्यास, ‘पुष्कळसे राजे’ एवढाच होतो. मोहऱ्यांची तर याहून गंमत झाली. आपला वजीर तेथे राणी झाला, आपला उंट तेथे धर्मोपदेशक झाला, आणि पटाच्या कोपऱ्यातील हत्तीचे त्यांनी किल्ल्याचे बुरूज केले. राजा तेवढा राजाच राहिला. परंतु त्याचे फार्सी नाव त्याच्यापासून सुटून मोकळे झाले होते. आणि मोकळा झालेला शब्द काय काय उद्योग करतो ते येथून पुढे पाहावे.

पहिला उद्योग त्याने सरकारी खजिन्यात केला. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या कारकिर्दीत, म्हणजे ११०० ते ११३५ या काळात, परगण्यापरगण्याचा वसूल तपासण्यासाठी एक कचेरी सिद्ध झाली. परगण्याचा राजाने नेमलेला अधिकारी तो शेरीफ. मुंबईच्या शेरीफाचे मानाचे पद आमच्या वाचकांस ऐकून ठाऊक असेल, परंतु मूळचा शेरीफ मानकरी नव्हता, वसुली करणारा होता. आपल्या कमाविसदाराचा सख्खा भाऊ म्हणावा. या शेरीफास वर्षातून दोनदा, ईस्टरच्या व मायकेलमसच्या सुमारास, खजिनदारासमोर उभे राहून हिशेब द्यावा लागे. हा हिशेब कसा होई याचे वर्णन रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने स्वतःच करून ठेविले आहे. दुसऱ्या हेन्रीच्या तेविसाव्या वर्षी, ११७७च्या सुमारास, आपण थेम्स नदीकाठच्या बुरुजाच्या खिडकीत बसलो असता एका शिष्याने प्रश्न विचारला, अशी प्रस्तावना करून त्याने सारा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिला. आमच्या उपनिषदांपासून चालत आलेली ही रीत एका हिशेबनिसाने जमाखर्चासाठी वापरलेली पाहून आम्हांस फार कौतुक वाटते.

तो सांगतो: सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद असे एक मेज असते. त्यावर ठेविलेले काही खाली पडू नये म्हणून कडेने चार बोटे उंचीची किनार असते. मेजावर दरवर्षी ईस्टरच्या वेळी विकत आणलेले काळे कापड अंथरतात आणि त्या कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा असतात. त्या रेघांमधील घरांत पेनी, शिलिंग, पौंड, विसा, शेकडा, हजार अशी मांडणी करून त्यावर बिल्ले ठेवतात. एका ओळीत शेरीफाकडून येणे, दुसऱ्या ओळीत त्याने भरलेले. वरच्या ओळीतून खालची वजा जाता जे राहील ते त्याच्या शिरावर. मेजाच्या एका अंगास खजिनदार, समोर शेरीफ, सभोवती न्यायाधीश म्हणून बसलेले सरदार. या कचेरीला ‘एक्स्चेकर’ म्हणजे बुद्धिबळाचा पट हे नाव का पडले, असे शिष्य विचारतो, तेव्हा गुरू म्हणतो की, याहून खरे कारण मला दिसत नाही. आकार पटासारखा आहे, आणि जसे तेथे दोन खेळाडूंत युद्ध जुंपते तसे येथे खजिनदार व शेरीफ यांच्यात जुंपते.

हा पट केवळ शोभेसाठी नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळी इंग्लंडात रोमन आकडे होते. त्या आकड्यांनी रक्कम लिहिता येते. बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे होते, कारण त्यांत स्थानाचे मूल्य नाही आणि शून्य नाही. म्हणून जे काम आमच्याकडे पाटीवर एका टिंबाने होत होते, ते त्यांना दहा फुटांच्या मेजावर बिल्ले सरकवून करावे लागे. रिकामे घर हेच त्यांचे शून्य. पिसाच्या लिओनार्दोने हिंदी अंकांचा परिचय करून देणारा आपला ग्रंथ लिहिला तो १२०२ साली. म्हणजे हिंदुस्थानातून निघालेला खेळ तेथे आधी पोचला, हिंदुस्थानातून निघालेले शून्य मागून पोचले. आणि त्या मधल्या काळात खेळाच्या पटाने शून्याची चाकरी केली! शिवाय शेरीफ पुष्कळदा निरक्षर असे. रेघांवर ठेविलेले बिल्ले त्याला डोळ्यांनी दिसत. तेव्हा लिहिणाऱ्याने आपल्याला फसविले असे म्हणण्यास जागा राहत नसे. निरक्षर देणेकऱ्यास हिशेब दिसावा, एवढी सोय पुढे आमच्या कित्येक सावकारांच्या चोपड्यांनीही ठेविली नव्हती.

एक्स्चेकर हे नाव अद्याप चालू आहे. इंग्लंडच्या अर्थमंत्र्यास आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. त्या पटावरून कोणत्याही चौकडीच्या नक्षीस ‘चेकर’ व पुढे ‘चेक’ म्हणू लागले. कापडदुकानातला चेक तो हा. राजाच्या नावावरून पट, पटावरून कचेरी, आणि पटाच्याच घरांवरून लुगड्याची नक्षी! आमच्या विद्यार्थ्याच्या चार चेकांपैकी एकाचा निकाल येथे लागला.

बँकेच्या चेकाची हकीकत थोडी लांबची आहे आणि ती सांगावयास पुन्हा त्याच कचेरीत गेले पाहिजे. शेरीफाने पैसे भरले की त्यास पावती मिळे ती कागदाची नव्हे, लाकडाची. हेझल झाडाच्या काठीवर खाचा पाडीत. हजार पौंडांस तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभरास अंगठ्याएवढी, विसास करंगळीएवढी, एका पौंडास जवाच्या फुगीर दाण्याएवढी, पेनीस नुसती चीर. मग ती काठी उभी चिरीत. खाचा दोन्ही तुकड्यांवर राहत. लांब तुकडा पैसे भरणाऱ्याकडे, आखूड तुकडा सरकारात. पुढे दोन्ही तुकडे एकमेकांस लावून पाहावयाचे. जुळले तर खरे. याला ‘टॅली’ म्हणत. येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. मराठीत आपण हिशेबाचा ‘ताळा’ पाहतो, ‘ताळेबंद’ काढतो, आणि त्यामुळे टॅली व ताळा यांस भाऊ समजण्याचा मोह अनिवार होतो. आम्हांसही झाला होता. परंतु टॅलीचे मूळ लॅटिनमधील काठीच्या नावात आहे. ताळ्याचा तिच्याशी संबंध नाही. एकदा आम्ही एकाच शब्दास चार मानले, म्हणून आता दोहोंस एक मानावे, असे प्रायश्चित्त कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

या काठ्या किती काळ चालल्या असतील? सुमारे सातशे वर्षे. कागद आला, छापखाना आला, बँक ऑफ इंग्लंड १६९४ साली निघाली, तरी खजिन्यात काठ्या चिरणे चालूच. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या बंद करण्याचा कायदा झाला, परंतु जुने अधिकारी असेपर्यंत प्रथा मोडू नये या इंग्रजी बाण्याने तो अंमलात येण्यास १८२६ साल उजाडले. मग प्रश्न पडला, साठलेल्या काठ्यांचे करावे काय? गोरगरिबांना सरपणास वाटल्या असत्या तर काम भागले असते. तसे न करता १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या पार्लमेंटच्या उमराव सभेखालील भट्ट्यांत घालून जाळल्या. भट्ट्या लालबुंद झाल्या, धुराडी पेटली, आणि सायंकाळी पार्लमेंटची दोन्ही सभागृहे जळून गेली. टर्नर या चित्रकाराने तो भडका प्रत्यक्ष पाहिला व त्याची चित्रे काढली. डिकन्सने १८५५ साली एका भाषणात ही कथा सांगून सरकारी दिरंगाईची मनसोक्त थट्टा केली. जुन्या हिशेबांनी राजवाडा जाळल्याचे याहून चोख उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

काठी गेली तरी तिची युक्ती राहिली. एक ऐवज, त्याचे दोन तुकडे, आणि एकावरून दुसऱ्याची खात्री. अठराव्या शतकाच्या आरंभी एक्स्चेकरच्या हुंड्यांस जो जोडतुकडा ठेवीत त्यास ‘चेक’ म्हणू लागले, कारण त्यामुळे खोटेपणास शह बसे. म्हणजे पहिल्याने ‘चेक’ हे नाव आपण बँकेत देतो त्या कागदाचे नव्हते. आपल्यापाशी राहणाऱ्या स्थळप्रतीचे होते! पेढीवर चिठ्ठी लिहून दुसऱ्यास पैसे देवविण्याची रीत त्यापूर्वीच पडली होती. लंडनच्या एका पेढीवर १६५९ साली लिहिलेली चारशे पौंडांची चिठ्ठी प्रसिद्ध आहे. पुढे स्थळप्रत असलेल्या छापील कागदावर अशा चिठ्ठ्या निघू लागल्या आणि स्थळप्रतीचे नाव चिठ्ठीवर सरकले. एक्स्चेकरच्या थाटाचे शेपूट लावून इंग्रजांनी त्याचे स्पेलिंग नटविले. अमेरिकनांनी ते शेपूट कापून पुन्हा मूळचा ‘चेक’ केला. ‘कंट्रोल’ या शब्दाची कथाही अशीच आहे. मूळ पत्रकाशी ताडून पाहण्यासाठी जे दुसरे पत्रक ठेवीत ते ‘काँत्र-रोल’, आणि त्यावरून नियंत्रणाचा अर्थ निघाला. सत्तेवर अंकुश ठेवण्याचे इंग्रजीतील हे दोन मोठे शब्द तत्त्वज्ञांनी दिलेले नाहीत, कारकुनांनी दिलेले आहेत. कारकुनांची थट्टा करणाऱ्या आमच्या लेखकबंधूंनी हे जरूर ध्यानी घ्यावे.

हिंदुस्थानात चेकाची कायदेशीर व्याख्या १८८१च्या कायद्याने झाली. परंतु त्याचे स्वागत करण्यास मराठी भाषा आधीच सज्ज होती. पेशवाईत पुण्याहून काशीस पैसा जाई तो बैलांवर लादून क्वचितच. तो हुंडीने जाई. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, हुंडी सकारणे, हुंडीचा वटाव, आणि हुंडी वटणे ही सारी परिभाषा पेढ्यांवर रूढ होती. चेक आला आणि आम्ही त्यास सरळ हुंडीचे क्रियापद दिले. चेक ‘वटतो’ किंवा ‘वटत नाही’. नाम परदेशी, क्रियापद घरचे. १९८८च्या दुरुस्तीने न वटलेला चेक हा फौजदारी गुन्हा झाला, त्यामुळे हे क्रियापद आता न्यायालयांतही रोज ऐकू येते.

राहिले दोन अर्थ: तपासणे आणि रोखणे. तपासण्याचा अर्थ वरच्या हकीकतीतून सहज येतो. जोडतुकडा लावून पाहणे तेच चेक करणे. रोखण्याचा अर्थ मात्र थेट पटावरचा आहे. शह मिळालेल्या राजाची इच्छित चाल थांबते, म्हणून कोणत्याही गतीस बसलेली खीळ ती चेक. मोंतेस्क्यूने १७४८ साली प्रतिपादन केले की, सत्तेचा दुरुपयोग टाळावयाचा तर एका सत्तेने दुसरीस थोपविले पाहिजे. इंग्रजी राजनीतीत ते तत्त्व ‘चेक’ या नावानेच वावरते, आणि आमची राज्यघटनाही त्या विचारास अपरिचित नाही. येथे शब्दाला त्याच्या मूळ अर्थाचा पुरता न्याय मिळाला, कारण येथे राजालाच शह आहे.

परंतु याच अर्थाचा दुसरा एक वापर आहे, आणि त्यावरून लेखणी घाईने नेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. माल्थस या इंग्रज धर्मोपदेशकाने १७९८ साली लोकसंख्येवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, माणसे वाढतात त्या वेगाने धान्य वाढत नाही. म्हणून लोकसंख्येच्या वाढीस कोणता तरी ‘चेक’ बसतोच. जन्म कमी करणारे ते एका प्रकारचे. मृत्यू वाढविणारे, म्हणजे दुष्काळ, रोगराई, युद्धे, ते दुसऱ्या प्रकारचे. माल्थस हा स्वभावाने कठोर मनुष्य नव्हता, आणि दुष्काळ पाडावा असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. तथापि शब्दाकडे पाहा. पटावर शह देणारा कोणी तरी असतो. समोर बसलेला, नाव-गाव असलेला. माल्थसच्या वाक्यात शह आहे, शह देणारा नाही. दुष्काळ येतो आणि संख्येस खीळ बसते, घड्याळाचा लंबक थांबावा तशी. खेळणारा हात वाक्यातून नाहीसा झाला.

हे व्याकरणाचे खुसपट नव्हे. १८०५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या भावी अंमलदारांच्या शिक्षणासाठी काढलेल्या महाविद्यालयात इतिहास व अर्थशास्त्र यांचा प्राध्यापक म्हणून माल्थसचीच नेमणूक झाली आणि १८३४ साली मृत्यू येईपर्यंत तो तेथे शिकवीत होता. हिंदुस्थानात येणाऱ्या मुलकी अंमलदारांच्या कित्येक पिढ्या त्या हेलीबरीच्या महाविद्यालयातून बाहेर पडल्या. पुढे दख्खनच्या दुष्काळात ज्याचे नाव गाजले तो रिचर्ड टेंपल त्यांपैकीच एक. टेंपल मूळचा निष्ठुर नव्हता. १८७४च्या बिहारच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचविली, आणि त्याबद्दल ‘फाजील खर्च केला’ असा ठपका पदरी घेतला. मग १८७६-७८चा दुष्काळ आला तेव्हा लॉर्ड लिटनने त्यालाच पाठविले, आणि त्याने धडा घेतला होता. दुष्काळी कामावर खपणाऱ्या धडधाकट माणसास दिवसाचे धान्य एक पौंड, म्हणजे अर्ध्या शेराच्या आसपास, व वर थोडे पैसे, असा हिशेब ठरला. सोलापूर-विजापूरकडे कामावरच्या लोकांनी कमी केलेल्या मजुरीवर काम करण्याचे नाकारून कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावच्या आपल्या बातमीदारांकडून दुष्काळाच्या हकीकती मिळविल्या आणि सरकारकडे पत्रांवर पत्रे धाडली. गणेश वासुदेव जोशी, न्यायमूर्ती रानडे या मंडळींनी जे केले ते, मागे वळून पाहता, आम्हांस त्या जुन्या एक्स्चेकरच्या मेजासारखे वाटते. धान्य किती, मजुरी किती, माणसे किती मेली, हे त्यांनी सरकारसमोर घरांत मांडून दाखविले, म्हणजे ‘निसर्गाने खीळ घातली’ असे म्हणण्यास जागा राहू नये. त्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे. ती सारी माणसे त्या एका शब्दाने मारली, असे आम्ही म्हणत नाही. शब्द माणसे मारीत नाही. परंतु मारणाऱ्याचे नाव झाकावयाचे असेल तेव्हा तो मोठ्या उपयोगी पडतो.

आता थोडे घरचे. फार्सी शब्द काढून संस्कृत घालावेत, अशी इच्छा आमच्याकडे जुनी आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला तो याच हेतूने, आणि नवे राज्य नव्या भाषेत बोलावे ही त्यामागील आकांक्षा आम्हांस वंदनीय वाटते. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. तिने दिलेले कित्येक शब्द आज आम्ही त्यांचा जनक न आठवता वापरतो. चेकासही सरकारी मराठीने ‘धनादेश’ हा भारदस्त प्रतिशब्द दिला आहे. तो अर्जात शोभतो. परंतु दुकानात कोणी ‘धनादेश देतो’ म्हणाल्यास दुकानदार रोख मागेल असे आम्हांस भय वाटते. आणि गंमत अशी की, जो ‘शह’ आम्ही रोज वापरतो, ‘शहकाटशह’ म्हणून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मिरवितो, तो परका आहे याची कोणास आठवणही नाही. पटावर आपण ‘राजाला शह’ म्हणतो. शब्दशः पाहता ते ‘राजाला राजा’ असे झाले. एकच शब्द एकदा खुष्कीच्या वाटेने इराणातून आमच्याकडे आला आणि ‘शह’ झाला. दुसऱ्यांदा अरबस्थान, फ्रान्स, इंग्लंड असा वळसा घालून समुद्रमार्गे आला आणि ‘चेक’ झाला. आम्ही दोघांनाही घरात ठेवून घेतले, आणि हे एकाच आईचे आहेत हे ओळखले नाही. त्यांचा क्षत्रियाशी असलेला नातेसंबंध ध्यानात घेता, यांस परके म्हणावे की माहेरवाशी म्हणावे, याचा निर्णय शुद्धिवाद्यांनीच करावा.

गेल्या दिवाळीत तो कापडदुकानदाराचा मुलगा आमच्या घरी आला होता. तो आता एका बँकेत अधिकारी आहे. चेक वटविणे आणि न वटविणे हाच त्याचा व्यवसाय. आम्ही त्यास ही सारी हकीकत सांगितली आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे आमचे उत्तर मागे घेतले. तो हसला. म्हणाला, “सर, प्रश्न मी विसरलो होतो. गळ्यातली माळ आणि गावाबाहेरचा माळ तेवढं लक्षात आहे; मी अजून ते लोकांना सांगतो.” त्याच्याबरोबर त्याची दहा वर्षांची मुलगी होती. ती दूरध्वनीच्या पडद्यावर बुद्धिबळ शिकली आहे, असे कळले. आम्ही आजोबांचा लाकडी पट काढला. विसाव्या चालीच्या सुमारास तिने उंट तिरका सरकवून मोठ्याने ‘चेक!’ म्हटले.

“सरांशी खेळताना शह म्हणावं,” बाप म्हणाला.

“पण बाबा, आत्ताच तुम्ही दोघं म्हणालात ना, दोन्ही एकच आहेत म्हणून?”

आम्ही राजा एक घर मागे घेतला.